मिसबाईंची पोथी

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, परीक्षेत मी इंग्रजीत नापास झाले, आणि फक्त इंग्रजीत झाले, हे मला आजही ठासून सांगावंसं वाटतं. बाकीच्या विषयांत मला इतके गुण होते की त्यांतले उरलेले वाटले असते तर वर्गातली आणखी एखादी मुलगी सहज पास झाली असती. पण इंग्रजीचे गुण ऐकून बाबांनी कारखान्याची टोपी खुंटीला लावली, उभ्यानंच तांब्याभर पाणी प्यायले आणि अगदी शांत आवाजात म्हणाले, "ग्वाल्हेरला दादाला कळवतो." आमच्या घरात या वाक्याच्या पुढे वाक्य नसे. ग्वाल्हेरच्या काकांकडे माझ्यासाठी एक स्थळ दोन वर्षांपासून तयार होतं. मुलाचं घड्याळांचं दुकान होतं. "मुलगा निर्व्यसनी आहे," असं काका प्रत्येक भेटीत सांगत, आणि मुलाबद्दल एवढं एकच सांगत. मी त्याला एका लग्नात पाहिलं होतं. मांडवात सगळे नवरीकडे बघत होते आणि हा माणूस भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघून हळहळत होता.

आई मधे पडली. "अहो, सप्लिमेंटरी असते ना? ती देऊ दे. पास झाली तर कॉलेज. नापास झाली तर मीच तिची पेटी भरते." बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. तेव्हा मला आईचा राग आला, कारण पेटी भरण्याची तयारी तिनं फारच मोकळेपणानं दाखवली होती. आता वाटतं, वाटाघाटी करायला बायका इतर कुठं जाऊन शिकत नाहीत ते बरंच आहे.

आमचं क्वार्टर पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे चौक आणि चौकात एक शेवग्याचं झाड, ज्याच्या शेंगांवर सगळ्या ओळीचा हक्क होता. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेपुरतं, कारण आमचं सगळं कारखान्याच्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला आई कणीक भिजवायला घेई, दुसऱ्याला बाबांची सायकल फाटकाबाहेर पडे, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की हजारो सायकलींच्या घंट्यांचा असा आवाज येई, जणू एखादी प्रचंड आरती सुटली आहे. बाबा तांब्याच्या तारा गुंडाळण्याच्या विभागात होते. त्यांच्या हातांना वॉर्निशचा वास येई आणि तो साबणानं जात नसे, त्यामुळे ते जेवायला बसले की वरणालाही तो वास येतो असं मला वाटे. आईचं माहेर इंदूरचं. तिच्या हातचे पोहे कढईत परतलेले नसत, वाफेवर ठेवलेले असत, वर शेव आणि बडीशेप, आणि शेजारी जिलबी. बाबा ग्वाल्हेरचे. त्यांना पोह्यांत बडीशेप दिसली की ते ती एकेक करून ताटाच्या कडेला मांडत. हे भांडण माझ्या जन्माआधीपासूनचं होतं आणि दोघांनाही ते संपवायचं नव्हतं.

कुंपणापलीकडे पम्मी आंटी राहत. त्यांचे सरदारजी कारखान्यात क्रेन चालवत आणि घरी आंटी सरदारजींना चालवत. इंग्रजी शिकवणाऱ्या मिसबाईंची बातमी त्यांनीच आणली. "भाभी, आनंद नगर में एक गोरी मिस है. अंग्रेजी पढाती है. फीस कुछ नहीं. बस, बाइबल से पढाती है."

बाबांचा चमचा हवेत थांबला. "म्हणजे बाटवणार."

"फुकट आहे," आई म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय."

"मी जाईन बरोबर. बघते मी कोण बाटवतं ते." आणि आईनं पदर असा खोचला, की त्या क्षणी मला मिसबाईंचीच काळजी वाटली.

मिसबाई न्यूझीलंडच्या होत्या. उंच, वाळक्या, डोक्यावर कापडी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या सायकल अशा चालवत की समोरचे ट्रक बाजूला होत. त्यांच्या वडलांच्या मेंढ्या होत्या, इतक्या, की बाई लहानपणी माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त ओळखत असणार. हिंदी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या. पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या दारात हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माताजी, कृपया आसन ग्रहण कीजिए." आई त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. ती इतकी गोंधळली की खुर्ची सोडून जमिनीवर बसली, आणि मग मिसबाईही जमिनीवर बसल्या. पुढे तो वर्ग कायम जमिनीवरच भरला.

शिकवण्याची पद्धत सोपी होती. एकीनं बायबलातली एक गोष्ट इंग्रजीत वाचायची, मिसबाईंनी अवघड शब्द समजावायचे, मग आपल्या शब्दांत, जमेल तशा इंग्रजीत ती परत सांगायची. मी, पम्मी आंटी आणि ओळीतल्या तीन-चार बायका अशा आम्ही शिकणाऱ्या. आई फक्त पहारेकरी. ती स्वेटरचं विणकाम घेऊन भिंतीला टेकून बसे. पहिल्याच दिवशी मिसबाईंनी चहाचा कप सवयीनं त्या जाड पुस्तकावर ठेवला. आईच्या सुया थांबल्या. ती उठली, कप उचलला, पुस्तक पदरानं पुसलं आणि म्हणाली, "कुंदे, सांग यांना. पोथीवर उष्टं ठेवत नाहीत." दुसऱ्या दिवशी आई घरून चंदनाचा छोटा पाट घेऊन आली. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पुस्तक. वर्गाआधी सगळ्यांनी हातपाय धुवायचे. अध्याय मधेच सोडायचा नाही, कुणी मधे बोलायचं नाही. शेवटी आईनं आणलेले चणे-गूळ सगळ्यांच्या हातावर. मिसबाईंना वाटलं हे त्यांच्या शिकवण्याचं फळ आहे. पम्मी आंटींना वाटलं ही मराठ्यांची रीत आहे. आईला त्यात काही विशेष वाटलंच नाही. पोथी कुणाचीही असो, ती वाचायची म्हणजे अशीच वाचायची.

आणि मग पहारेकरीण गोष्टींत गुंतली. उधळ्या मुलाची गोष्ट आली. धाकटा सगळं उडवून घरी येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. आईनं विणकाम खाली ठेवलं. "आणि थोरला? तो शेतात राबत होता ना? त्याला काय? ठेंगा?" हे मला मिसबाईंना इंग्रजीत विचारावं लागलं. त्यांनी क्षमा, दया वगैरे समजावलं. आई म्हणाली, "ते ठीक आहे. पण थोरल्याच्या बायकोला विचारलं असेल का कुणी?" दोघी बहिणींची गोष्ट आली तेव्हा तर दंगलच झाली. पाहुणा आलेला, एक बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकते, दुसरी स्वयंपाकघरात घाम गाळते, आणि पाहुणा बसलेलीचंच कौतुक करतो. पम्मी आंटी उठून उभ्या राहिल्या. "अच्छा जी! तो रोटी कौन बनाएगा? ऊपर से आएगी?" त्या दिवशी मिसबाईंना स्वयंपाकघरातल्या बहिणीची बाजू घेतल्याशिवाय वर्ग संपवता आला नाही. त्यांच्या वडलांकडे मेंढ्या कातरणाऱ्या माणसांना कोण जेवायला घालत असे, ते त्यांनाही बहुधा आठवलं असावं.

माझं इंग्रजी मात्र खरंच पुढे सरकत होतं. भांडण करण्याइतकी भाषा लवकर शिकवणारा दुसरा मास्तर नाही. फक्त ते इंग्रजी जरा जुन्या वळणाचं होतं. एकदा बाबांनी मला सहज विचारलं, "समोर काय दिसतं ते इंग्रजीत सांग बघू." मी हात पसरून म्हणाले, "बिहोल्ड, द बकेट." बाबांनी इतका वेळ बादलीकडे पाहिलं, की मला ग्वाल्हेरची गाडी दिसू लागली.

परीक्षेला महिनाही उरला नव्हता, तेव्हा मिसबाई एक दिवस वर्गात गप्प गप्प होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं, की त्यांचे वरचे साहेब भेट द्यायला येणार आहेत. मोठे पाद्री. हा वर्ग धर्मासाठी चालतो की नुसती इंग्रजीची शिकवणी आहे, ते बघतील. शिकवणीच असेल तर वर्ग बंद, आणि मिसबाईंची बदली दूर कुठल्या तरी डोंगराळ भागात.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात खलबत झालं. मी, आई आणि पम्मी आंटी. मी तेव्हा शाळेच्या प्रत्येक नाटकात असे, तेव्हा माझी योजना तयार होती. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसायच्या, डोळे मिटायचे, आणि साहेब आत आले की मी एक दीर्घ उसासा टाकून म्हणायचं, की मला प्रकाश दिसला. पम्मी आंटी म्हणाल्या, "मैं तो रो भी दूँगी. प्याज रख लेंगे रूमाल में."

"खोटं काही करायचं नाही," आई म्हणाली. भाकरी उलटवताना ती वर बघत नसे, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नसे. "देवाच्या पुस्तकापुढे तर अजिबात नाही."

"मग माझी पेटी भर," मी म्हणाले.

"खोटं नाही म्हटलं. मान द्यायचा नाही असं कोण म्हणालं? आपल्याकडे कीर्तनाला बुवा आले तर काय करतो? तेच करू. एवढ्या लांबून आलेला माणूस."

पम्मी आंटींनी जवाहर चौकातून नवा टॉवेल आणला. मिसबाईंना आम्ही काहीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि आईला नको ऐकायची सवय नव्हती.

साहेब आले ते जीपमधून. धिप्पाड, लालबुंद, घामानं निथळत. एवढा मोठा माणूस मी तोवर फक्त कारखान्याच्या फाटकावरच्या चित्रात पाहिला होता. ते पायरी चढणार, तोच आई पुढे झाली. हातात परात, तांब्यात कोमट पाणी, पम्मी आंटींच्या खांद्यावर टॉवेल. साहेबांना कळेना. मिसबाईंचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे आधी होता त्याहून पांढरा. मी पुढे होऊन म्हणाले, "सर, प्लीज, शूज." बिचारे खुर्चीत बसले आणि त्यांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो त्यांनी लपवायला पाहिला, पण आईनं तोवर मोजाही काढला होता. तिनं दोन्ही पाय परातीत घेतले, नीट धुतले, बोटांच्या मधून पुसले, कपाळाला गंध लावलं आणि हातात नारळ दिला. सगळं अगदी सावकाश, नेहमीच्या पाहुण्याचं करावं तसं.

वर बघते तर साहेब रडत होते. एवढा मोठा माणूस, मांडीवर नारळ, आणि गालांवरून पाणी. आम्ही तिघी घाबरलो. पम्मी आंटी माझ्या कानात म्हणाल्या, "पानी ज्यादा गरम था क्या?"

साहेबांनी आईला विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी भाषांतर करायच्या आत आईला ते समजलं होतं. भिंतीला टेकून बसलेली पहारेकरीण इतके दिवस काय काय टिपत होती, ते मला त्या क्षणी कळलं. ती म्हणाली, "माय मदर."

साहेबांनी मिसबाईंकडे पाहिलं. मिसबाईंचे ओठ हलले, मग मिटले, मग त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की मेंढ्यांच्या कुरणातली एक खोडकर पोर मला स्पष्ट दिसली. "तो अध्याय मी अजून शिकवलेला नाही, सर," त्या म्हणाल्या. हे अक्षरशः खरं होतं. त्यांच्या पुस्तकात, शेवटच्या जेवणाच्या वेळी, गुरूच शिष्यांचे पाय धुतो. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो.

वर्ग रंगला. पम्मी आंटींनी लग्नातली द्राक्षाची दारू संपते ती गोष्ट सांगितली, "बारात अँग्री, वाइन फिनिश, बॉइज मदर टेन्शन," आणि साहेब पोट धरून हसले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "आणि तू, मुली? तू इथं प्रभूसाठी येतेस, की इंग्रजीसाठी?"

प्रकाश दिसल्याचा उसासा माझ्या गळ्यापर्यंत आला होता. मी तो चांगला घोटून बसवला होता. पण आई समोर बसली होती, आणि दोघींच्या मधे पाटावर ते पुस्तक. मी म्हणाले, "सर, आय फेल्ड. सप्लिमेंटरी."

साहेबांचं हसू ओसरलं. रागावले नाहीत ते, उलट दुःखी झाले, आणि ते जास्त वाईट होतं. ते मिसबाईंशी हळू आवाजात बोलू लागले. छान बायका आहेत, प्रेमळ आहेत, पण ही शिकवणी आहे. महिनाअखेर थांबवू.

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

"वर्ग बंद."

"आणि पोथी?"

"पोथीचं काय, आई?"

"अगं, पोथी अर्धी आहे. सांग त्याला. लावलेलं पारायण अर्ध्यावर सोडत नाहीत. सोडलं तर वाचणाऱ्याला दोष, ऐकणाऱ्याला दोष, आणि सोडायला लावणाऱ्याला सगळ्यात मोठा."

या वाक्याची तालीम झाली नव्हती. "सर," मी म्हणाले, "माय मदर से, बुक हाफ. हाफ बुक, बिग सिन. सिन ऑन मिस. सिन ऑन मदर. बट बिगेस्ट सिन..." आणि थांबले.

"सांग की," आई म्हणाली. "घाबरतेस काय?"

"...ऑन यू, सर."

साहेब आईकडे बघत राहिले. आई त्यांच्याकडे. तिला त्यात धाडस वगैरे काही वाटत नव्हतं. एखाद्याला उंबऱ्यावर शिंकू नको सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "यांना पूर्ण ऐकायचंय? सगळं?"

"सगळं," आई म्हणाली. "आणि पहिल्या पानापासून. या बाईंनी मधूनच सुरू केलंय, तेही बरोबर नाही."

साहेबांनी पुस्तकाच्या जाडीकडे पाहिलं, मग रुमालाकडे, पाटाकडे, मांडीवरच्या नारळाकडे. हा माणूस समुद्र ओलांडून आला होता तो हे पुस्तक लोकांनी ऐकावं म्हणून. आता एक बाई समोर बसून म्हणत होती की मला ते शेवटपर्यंत ऐकव, नाहीतर पाप तुझ्या माथी. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळाचा घाम पुसला, त्याबरोबर गंधही पुसलं गेलं, आणि मान खाली घालून ते म्हणाले, "मग वाचा." मिसबाई पटकन चहा करायला आत गेल्या. आतून कपबशांच्या आवाजात दुसराही एक आवाज येत होता. ते हसू होतं की रडू, ते मी कधी विचारलं नाही.

मी पास झाले. गुण सांगत नाही, माझ्या मुलीलाही मी ते सांगितलेले नाहीत. बाबांनी स्वतः जाऊन जिलबी आणली, ग्वाल्हेरला नकार कळवला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना समाधानानं म्हणाले, "चला, काम झालं. आता त्या वर्गाची काही गरज नाही."

आई पोळी लाटत होती. "पोथी अर्धी आहे," ती म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं. सत्यनारायणाच्या कथेतला एक शब्द गाळला तरी भटजींना परत वाचायला लावणारा हा माणूस. तो काय बोलणार होता?

"तुमच्या नावावर दोष घ्यायचाय का?" आईनं प्रेमानं विचारलं.

बाबांनी तोंड मिटलं आणि वरण मागितलं.

मी कॉलेजात गेले, तरी वर्ग चालूच राहिला, पहिल्या पानापासून. वंशावळी आल्या, अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका, पानंच्या पानं. मिसबाई म्हणाल्या, हे गाळू. आई म्हणाली, "गाळायचं नाही. कोण कुणाचा हे कळल्याशिवाय पुढची भांडणं कशी कळणार?" शिवाय ओळीत कुणाकडे सुतक असलं की वाचन बंद. अधिक महिना आला की आईची घरची पोथी आधी, म्हणून बंद. पम्मी आंटींच्या घरी लग्न निघालं, दोन महिने बंद. मिसबाईंनी एकदाही हरकत घेतली नाही. पुढे पुढे तर सुतकाची चौकशी त्याच करू लागल्या.

साहेब दर हिवाळ्यात येत. मी सुट्टीत घरी असले तर हटकून तिथं जाऊन बसे. आल्या आल्या ते विचारत, "कुठवर आलं?" एका वर्षी मिसबाईंनी पुस्तकात खूण घातली, टोपी सारखी केली आणि चेहऱ्यावरची एक रेघही न हलवता सांगितलं, "अजून वाळवंटातच आहोत, सर." त्या पुस्तकातली माणसं वाळवंटात चाळीस वर्षं हिंडतात.

साहेबांनी आईकडे पाहिलं.

"घाई काय आहे?" आई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.